डावी बाजू बोटभर सैल

तात्यापारा, रायपूर
१२ नोव्हेंबर २००३

प्रिय इंदू,

तुझ्या प्रशिकच्या लग्नाची पत्रिका अन् तुझं ब्लाऊजपीस, दोन्ही पोचलं. निळा रंग तुले शोभते. पण कापडाले मी अजून कैची लावली नाही. काहून, ते सांगते. मधेच पत्र ठेवून चहा मांडायला उठू नको, तुझी ती खोड मले माहीत आहे.

आमचं बरं चाललं आहे. रायपूर राजधानी झाली तेव्हापासून भोपाळहून साहेब लोक आले, त्यांच्या बायका आल्या. पंडरीच्या बाजारातून कापड घेतात अन् विचारत विचारत माझ्या दारात येतात. तीन वर्षं झाली, मशीन काही थंड झालं नाही. तुझे भाऊजी सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटमधून काजळीनं काळा शर्ट घेऊन येतात, मी ओरडते, ते हसतात. गोंदियात बसून तुले वाटत असेल ताई म्हातारी झाली, पण मी मजेत आहे.

जुलैत मात्र एक झालं, ते तुले कळवलं नाही. आंघोळ करताना डाव्या छातीले, काखेच्या बाजूनं, गाठ लागली. सुपारीएवढी. दुखत नव्हती, म्हणून मी म्हटलं काही नाही. ब्लाऊज तिथं रुतू लागलं तर मी काय केलं असेल? शिवण उसवली अन् डावी बाजू सैल करून टाकली. शिवणारीची अक्कल दुसरं काय करणार. दीड महिना तशीच फिरली.

मग नीलिमा दीदी माप द्यायला आली. ती नर्स आहे, भोपाळहून बदलून आलेली. मी तिले हसत हसत ही गोष्ट सांगतली, ती काही हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मले रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईनं पहिले विचारलं, गाठ कधीपासून आहे, अन् घरात कोणाले असं होतं का. मी नाही म्हटलं. ते खोटं होतं, पण त्यावर मागून येते.

तुले वाटते तसं तिथं भेव काही नाही. बाईनं बोटांनी दोन्ही बाजू तपासल्या, काखा तपासल्या. मग मॅमोग्राफी, म्हणजे छातीचा एक्स-रे काढतात दोन पाट्यांमध्ये दाबून. कळ आली, पण दहा मोजेपर्यंत सुटली. मग सोनोग्राफी, ती तर नुसती थंडगार जेली. शेवटी जागा बधिर करून जाड सुईनं गाठीचा बारीकसा तुकडा काढला. जन्मभर मी सुई चालवली, त्या दिवशी कळलं कापडाले कसं वाटत असेल. बाई म्हणाली, हातानं किंवा फोटोनं पक्कं सांगता येत नाही, तुकडा दुर्बिणीखाली पाहिल्यावरच कळते. आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी दोन गिऱ्हाइकांच्या बाह्या उलट्या लावल्या.

रिपोर्ट आला. साधी गाठ निघाली, कॅन्सर नाही. भाऊजींनी गोल बाजारातून जिलेबी आणून साऱ्या मोहल्ल्यात वाटली. मी मात्र त्या दिवशी डॉक्टरीणबाईसमोर खूप रडली, अन् मग तिच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं.

आई काविळीनं गेली नाही, इंदू. शेवटी डोळे पिवळे झाले म्हणून सारे कावीळ म्हणाले अन् मी गप्प राहिली. तू अकरा वर्षांची होती, मी एकोणीसची. गाठ डाव्या छातीत होती. आईनं ती मलेच दाखवली अन् आपल्या गळ्याची शपथ घातली, कोणाले सांगू नको. ब्लाऊज रुतते म्हणाली, मी सैल करून दिलं. एकदा नाही, तीनदा. दर वेळी शिवण आणखी बाहेर सरकायची अन् मी मुकाट्यानं मशीन चालवायची. तिले दवाखान्यात कोणी नेलं नाही, कारण माझ्याशिवाय कोणाले माहीतच नव्हतं. हे ओझं मी आजवर तुझ्यापासूनही लपवलं, मले माफ कर. डॉक्टरीणबाईनं सारं लिहून घेतलं अन् विचारलं, तुम्हाले बहीण आहे का? मी हव म्हटलं.

घरी येऊन तुले लिहीन लिहीन म्हणत दोन महिने काढले, हिंमत झाली नाही. अन् परवा तुझं पार्सल उघडलं. मापाच्या चिठ्ठीत तू खाली लिहिलं आहे, "ताई, डावी बाजू बोटभर सैल ठेव, तिथं रुतून राहिलं." ती ओळ वाचून मी मशीनवरून उठली ती अजून बसली नाही. माझ्यासारखी साधी गाठही असेल, किंवा नुसती अंगानं भरली असशील. पण ते तू ठरवू नको, मीही ठरवत नाही. सोमवारी, २४ तारखेले, नीलिमा दीदीनं तुझा नंबर लावून ठेवला आहे. आदल्या दिवशीच्या गाडीनं ये, मी स्टेशनवर उभी राहीन. सुईच्या वेळी हात माझा धर. आईचं ब्लाऊज मी सैल केलं, माझंही केलं. तुझं करणार नाही. तू आल्यावर नेमक्या मापाचं शिवीन, अन् प्रशिकच्या लग्नात तेच घालशील.

वाट पाहून राहिलेली तुझीच,
कलाताई