टिरियनचं नाव यादीत लागलं त्याची हकीकत

एलुनेद,

दोन वर्षांपूर्वी 'माझ्याकडे पोरीला राहायला जागा नाही' असं तू कळवलंस, तेव्हा तुझ्या तीन खोल्या रिकाम्या होत्या. तिन्हींत गाद्या होत्या. हे मी विसरलेले नाही. असो. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या इद्रिसचा खोकला? मी बरी आहे, आज बऱ्याच दिवसांनी जेवण गेलं. (अक्षर लागत नसेल तर चष्मा बदल. माझी शाळा चौदाव्या वर्षी सुटली ती सुटलीच.)

सोळा वर्षांच्या पोरांना मताचा हक्क दिलाय हे तुला ठाऊकच आहे. आता आमच्या काउन्सिलने शाळेकडून नावं-पत्ते मागवून पोरांना परस्पर मतदार यादीत घालून टाकलं. ना अर्ज, ना विचारणं. तसं कळवणारा लखोटा आमच्या टिरियनच्या नावाने इथे आला. ही पडली साठीच्या पुढच्यांची वसाहत, आणि माझी नात दोन वर्षं माझ्याकडे राहते हे इथे कोणाला ठाऊक नव्हतं (कपडे धुण्याच्या खोलीच्या मागच्या दाराने यायची-जायची). लखोटा नेमका वॉर्डन प्रोबर्टच्या हाती पडला. "नॅन्सी, ही टिरियन कोण?" मी म्हटलं, बहीण. (फार थकलीय असंही सांगितलं, संशय नको.) कळलं असतं तर माझं घर गेलं असतं, आणि पोर ब्रिस्टलला आईच्या नव्या नवऱ्याच्या दारात.

हरकत घ्यायला पंचेचाळीस दिवस होते. मी टिरियनला म्हटलं, नाव काढा म्हणून लिही. ती म्हणाली, "आजी, दोन वर्षं मी या घरात नाहीच आहे. एका कागदाने पहिल्यांदा मला आहे म्हटलंय. मी नाही काढणार." मी म्हटलं, आधी कपबश्या विसळ. हरकत काही गेली नाही.

मंगळवारी प्रोबर्टने सगळ्यांना चहाला बोलावलं. टेबलावर सात लखोटे. ऑल्वेन रीसकडे नात निघाली, पलीकडच्या डिलविनकडे जुळ्या नाती (आणि मी त्याला एकटा समजून सूप नेऊन देत होते). सगळी पोरं त्याच मागच्या दाराने, आणि आम्ही म्हातारे एकमेकांपासून लपवत बसलेलो. प्रोबर्ट म्हणाला, "पाच जणांनी मला बहीण सांगितली. डिलविनने दोन. मी ऑफिसला विचारलं. साठीची अट भाडेकरूला आहे, शाळेतली नातवंडं परवानगीने राहू शकतात. दोन वर्षांपूर्वी विचारलं असतंत तरी हेच उत्तर होतं." मी म्हटलं, मग दोन वर्षांपूर्वीच सांगायचं होतंस. चहा बरा होता, केक कोरडे.

टिरियन आता पुढच्या दाराने येते. दार आपटते. आपटू दे.

तुझी बहीण,
नॅन्सी

ता. क. परवानगीच्या अर्जासोबत, मुलीला दुसरीकडे जागा नाही असं एका नातेवाइकाने सहीनिशी लिहून द्यायचं आहे. दोन वर्षांपूर्वीचं तुझं वाक्य मला पाठ आहे. तेच लिही, एक शब्दही बदलू नकोस.

ता. क. २. शुक्रवारच्या आत पाठव. उत्तर तूच लिही, इद्रिसला हात लावू देऊ नकोस. तो खोल्या मोजेल.