बिनतिकिटाची पत्रं

१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पुन्हा बिनतिकिटाचं आलं. दारात दुप्पट पैसे मोजून सोडवून घेतलं. पोस्टमनने विचारलं, तुमच्या भावाला तिकिटांची ॲलर्जी आहे का?

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी तू प्राणिसंग्रहालयातल्या त्या कोंदट खोलीत पडून आहेस. मधली खोली तुझ्यासाठीच ठेवली आहे. म्हणजे तुझ्या भाचीच्या शिवणाच्या मशीनने अर्धी अडवलीय, पण तू येतो म्हण, लगेच हलवते. एकटीने घर ओढून मीही थकले आहे, स्पष्टच लिहिते.

वहिनीला विचारून बघ. तीस वर्षं एका गेंडिणीशी संसार केलास, आता तिची कातडी तुलाही आलीय. माझं बोलणं आत शिरतच नाही.

रागावू नकोस, पण लवकर ये.

तुझी धाकटी


२८ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुला दंड पडतो, माफ कर. इथल्या पोस्टात हल्ली एकच तिकीट मिळतं, दुर्मिळ प्राण्यांच्या मालेतलं, तुझ्या वहिनीचं. चित्रकार आठ दिवस कठड्याशी बसून तिला काढून गेला. फाटका कान तेवढा त्याने धड केला, बाकी हुबेहूब. एकदा मी ते लावलं, तर पोस्टातल्या माणसाने माझ्यादेखत तिच्या डोळ्यावर शिक्का हाणला. संध्याकाळी तिच्या डोळ्यात औषध घालताना मी तिची माफी मागितली. ती आहे तोवर तिकीट लावायचं नाही, असं ठरवलंय. वेडेपणा आहे, कळतं.

गेंड्याची कातडी ही बोलायची गोष्ट. घड्यांमध्ये चिरा पडतात, रोज तेल चोळावं लागतं. नव्या माणसाच्या हातून ती खात नाही. माझे गुडघे कुरकुरतात. दमलोय गं. पण ती उभी आहे तोवर मला बसता येत नाही.

लोभ दंडासकट चालू ठेव.

तुझा दादा


१९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न.

आज तुझं पाकीट आलं. पोस्टमनने पैसे मागितले नाहीत. तिकीट नीट चिकटवलेलं, शिक्का बरोबर डोळ्यावर. कानाला तू पेनाने चीर काढली आहेस, तीही पाहिली.

पाकीट फोडलेलं नाही. दारातच बसून रडले, जिला कधी पाहिलं नाही तिच्यासाठी, आणि तुझ्यासाठी. मग तुझ्या भाचीला हाक मारली आणि दोघींनी मशीन बाहेर काढलं. पलंगावर धुतलेली चादर घातली आहे.

आत काय लिहिलंयस ते तूच सांग, सांगावंसं वाटेल तेवढं. मी कातडीचं बोलले होते, ते मनातून काढून टाक.

आता इथे येऊन बस, दादा.

तुझी धाकटी