फोटोत नळी नाही

३ डिसेंबर, बुधवार
शोरूमच्या काचेवर नोटीस. २० तारखेला शेठजींच्या वडिलांची पुण्यतिथी, त्यानिमित्त रक्तदान शिबिर. वर ‘स्वेच्छा से’ आणि खाली आम्हा सगळ्यांची नावं आधीच छापलेली. मागच्या वर्षी कंबल, त्याआधी एका दिवसाचा पगार, आता रक्त. ट्रॅक्टर विकणाऱ्या माणसाला एवढं पुण्य कशाला लागतं देव जाणे.

मीटिंगमध्ये मॅनेजर तिवारी सर: “जनवरी से बिलिंग का इंचार्ज बनाना है. सेवाभाव भी देखा जाएगा.” बिलिंगला आम्ही दोघीच, मी आणि वंदना. मी तोंड उघडायच्या आत ती उभी. “सर, मेरा नाम सबसे पहले.” टाळ्या. मीही वाजवल्या. न वाजवून सांगते कुणाला.

यापुढे नुसतं वं. लिहीन. पूर्ण नाव लिहितानाही जळफळाट होतो.

९ डिसें., मंगळ.
शिबिराआधीची हिमोग्लोबिन तपासणी. सिस्टरने बोट टोचलं, पाहिलं, पुन्हा टोचलं. “ताई, रक्त द्याचं सोडा, तुमालेच चढवा लागल.” रांगेत हशा. बाथरूममध्ये जाऊन रडले. डोळे लपले नाहीत, सगळ्यांनी पाहिले.

वं. आज नव्हती. परसवाड्याला, मामाकडे कार्यक्रम म्हणे. थंडी पडली की हिचे कार्यक्रम सुरू. सर एक शब्द बोलत नाहीत. मी दिवाळीत अर्धी सुट्टी मागितली तर केवढं लेक्चर.

११ डिसें.
वं. आली. तिला कुणीतरी सांगितलंच. डब्यातला शेंगदाण्याचा लाडू माझ्यापुढे ठेवला. “रोज खात जाय वो. भरून निघते.” गोड बोलते, म्हणून जास्त राग येतो. तिचा तो केतकी रंग, ती नाजूक मान. शेठजी शोरूममध्ये आले की पहिलं ‘वंदना बेटा’. सात वर्षं झाली, माझं नाव त्यांना अजून येत नाही.

लाडू खाल्ला. चांगला होता.

१४ डिसें., रवि.
बीट, पालक, गूळ. आईने रामपायलीहून खजूर पाठवला. हे ताटाकडे बघून म्हणाले, “रक्ताचीबी शर्यत लावून राह्यली का तू?” शर्यत तर आहेच. इंचार्ज झाले तर टेबल माझं, पगार वाढेल आणि शेठजींना माझं नाव पाठ करावं लागेल. यांना काय कळतं.

१८ डिसें.
पुन्हा कमी.

२० डिसें., शनि.
झालं शिबिर. दारात वडिलांचा हार घातलेला फोटो, आत चार खाटा. वं. ची खाट सगळ्यात पुढे. हातात लाल चेंडू, तोंडावर हसू. शेठजींनी स्वतः तिला शाल पांघरवली. माझ्या अंगाचा तिळपापड.

दुपारी सरांनी कोपऱ्यात बोलावलं. “आप भी लेट जाइए, बस फोटो के लिए. सौ प्रतिशत दिखाना है.” मी नाही म्हणाले नाही. कोपराच्या आत कापूस, वर पट्टी, हातात चेंडू. कंपाउंडरने तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. सवय असावी.

२१ डिसें., रवि.
ग्रुपवर सगळे फोटो आले. वं. चा मोठा करून पाहिला. बाकीच्यांच्या हातातून लाल नळी निघते. हिच्या हातात पट्टी, चेंडू, बस. नळीच नाही. मला इतका आनंद कधी झाला नव्हता. लगेच ग्रुपवर टाकलं: “वंदना के फोटो में नली नहीं दिख रही. किसी को दिख रही है क्या?”

पाठवल्यावर दिसलं, तिच्याखाली तिसरा फोटो माझाच. त्यातही नळी नाही. तोवर सगळ्यांनी वाचलं होतं. सरांनी माझा मेसेज उडवला.

२२ डिसें.
वाटलं वं. बोलणार नाही. पण जेवायला नेहमीसारखी समोर बसली. खाली बघून हळूच म्हणाली, “मले सिकल आहे, सिकलसेल, रक्ताची बिमारी. जन्मापासून. मलेच दोनदा रक्त चढलं. थंडीत हाडं दुखतेत, त भरती व्हा लागते. मामाचा कार्यक्रम नसे तो.”

“मंग सबसे पहले काहून म्हटलं?”

“मागं राह्यली असती त सगळ्यायनं इचारलं असतं. बिमार बाईले इंचार्ज करतेत का?” मग डब्याचं झाकण लावत, “तुले सांगू? तू रडली, सगळ्यायनं पाह्यलं, तुयं सोपं झालं. मले तुया लय हेवा वाटे.”

माझा हेवा! मी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट. इतकी वर्षं ज्या केतकी रंगावर मी जळत होते, तो

नको लिहायला.

३० डिसें., मंगळ.
सरांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. शेठजींना कळलंय, त्यांच्या वडिलांच्या नावावर कुणी खोटं झोपलं. “आपका तो हमें मालूम है, हमने ही लिटाया. पर वंदना ने खुद आकर कहा था, सर, सुई से डर लगता है, तो उसे भी ऐसे ही लिटा दिया. डर की बात नहीं लगती. आप साथ बैठती हैं, असली बात बता दीजिए. इंचार्ज का लेटर कल बनेगा.”

एका शब्दात ‘पता नहीं’ म्हणता आलं असतं. मी म्हणाले, “कल बताती हूँ.” का म्हणाले? तिचं दुखणं कळल्यावर जळणं थांबेल असं वाटलं होतं. थांबलं नाही. आजही शेठजी आले तर पहिलं ‘वंदना बेटा’.

३१ डिसें., बुध.
कडाक्याची थंडी. वं. आली, शाल गुंडाळून. तीच, शेठजींनी दिलेली. डबा उघडला, लाडू माझ्याकडे सरकवला. काल मला केबिनमध्ये जाताना तिने पाहिलं होतं.

लाडू हातातच होता, तेवढ्यात केबिनची घंटी वाजली. सर माझं नाव घेत होते.