थर आणि पापुद्रे

७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आमची छावणी ओढ्याच्या वळणाजवळ लागली आहे. जेवण बरे, गाद्या वाईट. तुमचा चाळीस वर्षांपूर्वीचा नकाशा टेबलावर पसरला आहे. शिस्ट खडकाच्या या पट्ट्यात तुम्ही एकावर एक नऊ थर दाखवलेत. मला तीनच सापडतात; घडी पडून पुन्हा पुन्हा वर आलेले. खडक ज्या पापुद्र्यांनी सुटतो, ते मूळचे थर नव्हेतच, ते नंतरच्या दाबाने आले. रंगाचे पट्टे त्यांना आडवे जातात, ते खरे थर. तेव्हाची मोजमापे आईने लिहून घेतली होती ना? तिची वही पाठवा. महिनाअखेर अहवाल द्यायचा आहे आणि तुमच्याशी भांडायचे तर पुरावा हवा. गुडघ्याला तेल लावता की नाही?

तुमची लाडकी (तुम्ही कबूल करा वा न करा),
छोटी

१२ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. गुडघा ठीक आहे. सदर नकाशा तीन परीक्षकांनी तपासल्यावरच छापला गेला, याची नोंद घ्यावी. वही तुझ्या आईच्या कपाटात असावी. ती गेल्यापासून, म्हणजे आठ महिने, ते उघडलेले नाही. किल्ली सापडल्यास कळवीन.

तुझे बाबा

१६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न.

किल्ली तुमच्या चष्म्याच्या घरात असते, हे शेजारच्या मावशींनासुद्धा ठाऊक आहे! आई म्हणायची, तुझे बाबा डोंगराच्या घड्या मोजतील, पण स्वतःच्या मताला एक सुरकुती पडू देणार नाहीत. वही आली नाही, तर नवा नकाशा माझ्या एकटीच्या नावाने निघेल. जुन्यावर तिचे नाव नव्हते, यावरही नसेल. बघा बुवा.

छोटी

२२ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

किल्ली सापडली, असे लिहिणे खोटे ठरेल. ती हरवली नव्हती. काल कपाट उघडले. वही वरच्याच खणात, तिच्या भिंगाशेजारी होती. सोबत पाठवीत आहे.

पृष्ठ एकेचाळीस पाहावे. तिने लिहिले आहे, 'वळणावरच्या खडकात रंगपट्टे पापुद्र्यांना आडवे. थरांना घडी पडली असेल का?' त्यावरची लाल रेघ माझी. समासातला 'अप्रस्तुत' हा शेराही माझाच. मी पापुद्र्यांचा कल मोजला आणि तोच थरांचा म्हणून नोंदवला. भिंग लावून एकदा पाहा, असा तिचा आग्रह होता. ऊन वाढल्याचे कारण सांगून मी तो टाळला. ती रेघ मला आठवत होती. कपाट बंद राहण्याचे तेही एक कारण होते.

पुढचे पान मात्र काल प्रथमच वाचले. त्यावर एवढेच आहे, 'हे दमलेत. पुन्हा येऊ तेव्हा दाखवीन.'

आम्ही पुन्हा गेलो नाही.

नव्या नकाशावर तिचे नाव आधी घालावे. मी सोमवारी निघत आहे. भिंग बरोबर आणतो. तिचे दाखवायचे राहिले, ते तू दाखव.

लोभ आहेच, तो दुरुस्तीसह चालू ठेवावा.

तुझे बाबा

ता. क. वळणापर्यंत चढ किती आहे, ते कळवावे. तेल लावणे आजपासून सुरू केले आहे.