चंडोलची शिडी

२ मार्च, सोमवार

फुटलं! नव्या चंडोलचं तोंड आज सकाळी ज्याच्या-त्याच्या फोनवर. कागदावरच्या चित्राचा फोटो, जरा तिरका, कडा कापलेल्या, फक्त बसची समोरची बाजू. चित्र माझं. इतके महिने आम्ही कोणाला वास लागू दिला नव्हता.

साहेबांनी एकेकाला काचेच्या खोलीत बोलावलं. आवाज चढवला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. ज्याच्या हातून हे बाहेर गेलं तो इथे राहणार नाही, म्हणाले. मग मला विचारलं, “घरात कोणी आहे का त्या बसवेड्यांपैकी?”

मी नाही म्हणाले. इतक्या चटकन, की माझं मलाच नवल वाटलं.

बसवेड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे माझे बाबा.

३ मार्च, मंगळवार

लिहिलं की बरं वाटतं म्हणून लिहितेय.

बाबा दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद केला, पण बसचं वेड काही सुटलं नाही. चंडोल गाड्या बनायच्या बंद झाल्या तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. तरी अक्षरांच्या आधी बाबांनी मला चंडोलचं तोंड ओळखायला शिकवलं — रुंद कपाळ, काचेवर पुढे आलेली पत्र्याची भुवई, एकमेकांपासून लांब दोन दिवे. आता आमच्या कंपनीने ते जुनं नाव विकत घेतलंय. चंडोल परत येणार, बॅटरीवर धावणार. आणि तिचं तोंड काढायचं काम नेमकं माझ्याकडे! अट एकच, बाहेर ब्र काढायचा नाही. म्हणून बाबांना सांगून ठेवलंय की मी कचऱ्याच्या गाड्या काढते. रोज संध्याकाळी विचारतात, “काय ठकू, कचरा काय म्हणतोय?”

आज त्यांनी फोटोतल्या बसच्या समोरच्या जाळीवर मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं — ‘ही जाळी नव्हे, कवळी आहे. तीही दुसऱ्याच्या तोंडाच्या मापाची.’ त्या ग्रुपमध्ये मला बाबांनीच घातलंय, कचऱ्यापलीकडे जरा चांगलं काही बघत जा म्हणून. रात्रीचं जेवण खाली मान घालून उरकलं.

५ मार्च, गुरुवार

मातीमास्तरला घरी बसवलं.

बसचा मातीचा नमुना तोच करतो. माझं चित्र कागदावर सपाट असतं, त्याच्या अंगठ्याखाली त्याला गाल येतात, हनुवटी येते. त्याच्या भिंतीवर त्या कागदाची प्रत टाचलेली असायची, आणि फोन सतत वरच्या खिशात. झालं, तेवढ्यावरून साहेबांचा संशय पक्का. विसाव्या तारखेला, शुक्रवारी निर्णय. एकदा असा डाग लागला की ह्या धंद्यात कोणी दारात उभं करत नाही, हे मास्तरला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

माझी प्रतही एका रविवारी घरी आली होती. नियम मोडून आणली होती, काम उरकत नव्हतं म्हणून. पण नळीत घातलेली, नळी पलंगाखाली. आणि बाबांना तर मी काय काढते ह्याचा पत्ताच नाही. उगाच मनात काहीबाही आणायचं नाही.

८ मार्च, रविवार

मंडळाची सभा आमच्याच बैठकीच्या खोलीत! खुर्च्या पुरेनात म्हणून दवाखान्यातली मागे रेलणारी खुर्चीही ओढून आणली. तिच्यावर जो बसला त्याचं तोंड आपोआप उघडं. फोटो मोठा करून भिंतीवर लावलेला. माझं चित्र, माझं घर, आणि मी चहाचा ट्रे घेऊन त्याच्यासमोरून जा-ये करतेय.

हॉर्नवाले — ह्यांच्या दाराला घंटी नाही, बसचा भोंगा आहे — म्हणाले, नाव परत आलं हेच खूप झालं, तोंडाचं काय घेऊन बसलात. तिकीटताईंकडे जुन्या तिकिटांचे डबेच्या डबे आहेत. त्या म्हणाल्या, नवऱ्याने मला चंडोलच्या मागच्या बाकावर मागणी घातली होती, तेव्हा मी रडले तर कोणी हसायचं नाही. आणि खरंच रडल्या. शंभर नंबरी म्हणून एक आहेत, त्यांना प्रत्येक स्क्रू अस्सल लागतो. ते उभे राहिले. बॅटरीवर चालते ती चंडोलच नव्हे, जिथे आवाज नाही तिथे जीव नाही, गाडी रस्त्यावर येईल त्या दिवशी मंडळाने काळे झेंडे दाखवावेत. हॉर्नवाले म्हणाले झेंडे कसले, भोंगे वाजवू. त्यावरून दोघांची जुंपली.

बाबा मात्र भिंतीशी. हातात दातांची मापं घ्यायचं जुनं हत्यार. दोन दिव्यांमधलं अंतर मोजलं, भुवईची जाडी मोजली, चष्मा कपाळावर सरकवून सगळ्यांकडे वळले.

“कोण हा शहाणा? ह्याने चंडोल कधी जवळून पाहिली आहे का? डोळे जवळ आलेत. भुवई सपाट. गाडी झोपेतून उठलेली दिसत नाही, झोपायला चाललेली दिसते.”

सगळे हसले. मी आत गेले आणि भांडी घासायचं निमित्त करून नळ सोडून ठेवला. फार लागलं. त्यातून ते म्हणाले ते बरोबर होतं, ह्याचं जास्त लागलं.

१० मार्च, मंगळवार

दिवे लांब केले. भुवई दोन बोटं पुढे ओढली. साहेब कागदापुढे उभे राहिले आणि फोटो फुटल्यापासून पहिल्यांदा हसले. म्हणाले, “आता ही माझ्याकडे बघतेय.”

शाबासकी माझी, अक्कल बाबांची. आणि मातीवर हे उतरवायला मास्तर नाही. माती ऊन करायची त्याची पेटी बंद पडून आहे, गोळे दगड झालेत. दुसऱ्या कोणाला तिथे हात लावायची छातीच होत नाही.

१२ मार्च, गुरुवार

बाबांनी ग्रुपवर जाळीच्या पट्ट्यांचा उद्धार केला. ‘एवढे बारीक दात उंदराला शोभतात.’ मी आज पट्ट्या रुंद केल्या. ते शिव्या घालतात, मी दुरुस्त करते. जगात कुठल्या बापलेकीचं असं चालत असेल!

सांगून टाकावंसं वाटतं. रोज जेवताना शब्द ओठांपर्यंत येतात. मग वाटतं, सांगितल्यावर ते काय म्हणतील? ‘तो शहाणा म्हणजे तू?’ एवढंच म्हणाले तरी मी संपले. साहेब काढतील ते परवडलं, पण बाबांनी माझी चंडोल नाकारली तर मला दुसरी नोकरी मिळूनही काय उपयोग.

१४ मार्च, शनिवार

मास्तरचा फोन आला. आवाज ओळखू येईना. “ताई, मी नाही केलं हो. निदान तुम्हाला तरी पटतंय ना?”

पटतंय म्हणाले. फोन ठेवला. त्याने नाही केलं, तर मग कोणी?

१७ मार्च, मंगळवार

आज बाबा सुटलेच होते. ‘आणि शिडी! टपावर सामान ठेवायची सोय केली ती बरी केली, पण मागची शिडी ह्या शहाण्याने उजवीकडे घेतली. म्हणजे सामान घेऊन उतरणारा माणूस भर रहदारीत उतरणार. चंडोलची शिडी पहिल्यापासून डावीकडे, फुटपाथच्या बाजूला.’ हॉर्नवाल्यांनी खाली अंगठा दाखवला, शंभर नंबरींनी दोन.

खरंच की! डावीकडे चार्जिंगची खाच आली म्हणून मी शिडी सरळ उजवीकडे ढकलली होती. लहानपणी तर मी बस काढायची ती शिडीपासूनच, आणि डावीकडेच. कशी विसरले? उद्या पहिलं काम तेच.

१८ मार्च, बुधवार

कागद पसरला, शिडी खोडायला घेतली आणि हात थांबला.

फोटोत शिडी नाही.

फोटोत फक्त तोंड आहे. मागची बाजू त्याच कागदावर, उजव्या कोपऱ्यात, पण फोटो टाकणाऱ्याने ती कापलेली. आख्ख्या जगाने पुढची बाजू पाहिलीय. शिडी कुठे आहे हे फक्त आमच्या खोलीतल्या लोकांना माहीत. आणि ज्याने माझ्या पलंगाखालची नळी उघडली, त्याला.

मंडळात कोणाच्या लक्षात आलं नाही. येणार कसं, शिडीचं नाव निघालं की त्यांचं भान जातं. आणि हे काम बसवेड्याचंच! आपण केलेलं लपवायचं सोडून शिडीची बाजू सुधारत बसले.

घरी आले. बाबा दारातच. “काय ठकू, कचरा काय—”

“शिडी उजवीकडे आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

त्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या रविवारी मी आंघोळीला गेले होते, ते कात्री शोधत माझ्या खोलीत आले, पलंगाखाली नळी दिसली. उघडून बघितली, आणि म्हणे तिथेच पलंगावर बसले. मग फोटो काढला. काही दिवस फोनमध्ये एकटेच बघत राहिले. शेवटी भलत्याच नावाने नेटवर टाकला.

का, असं मी ओरडले. हो, ओरडलेच.

“तू दाखवलं असतंस तर घरातच बोललो असतो,” ते म्हणाले. “तू कचरा कचरा करत राहिलीस. गाडी रस्त्यावर आल्यावर बोलून काय उपयोग होता? आधी सगळ्यांनी पाहिली, तरच मला तोंड उघडता येणार होतं. आणि फार चांगली काढलीयस गं. थोडक्यात चुकत होती, म्हणून जीव तुटत होता.”

म्हणजे त्या सगळ्या शिव्या माझ्यासाठी होत्या. मी वाचतेय, मी बदलतेय, हे धरूनच लिहिलेल्या. मला रडू आलं, आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. मग मी मास्तरचं सांगितलं. ते त्यांना माहीत नव्हतं. आठवडाभर गोंगाट होईल आणि विरून जाईल, एवढीच त्यांची समजूत. चेहरा उतरला. समोरचं ताट तसंच राहिलं.

शुक्रवारी साहेबांना सांगणार, कागद माझ्याकडून गेला म्हणून. “नोकरी जाईल तुझी,” बाबा म्हणाले. जाऊ दे म्हटलं. म्हणायला सोपं होतं. ही गाडी रस्त्यावर येईल तेव्हा मी तिची कोणी नसेन, हे आत्ता लिहितानाही गिळवत नाही.

१९ मार्च, गुरुवार

बाबा बोलत नाहीत. ग्रुपवरही दिवसभरात एक शब्द नाही. हॉर्नवाले विचारतायत, डॉक्टर बरे आहेत ना?

२० मार्च, शुक्रवार

काचेच्या खोलीत साहेब, मास्तर, आणि तिसऱ्या खुर्चीवर बाबा! इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. साहेबांना समजावत होते की फोटो त्यांनीच काढला, पाहुण्यांच्या घोळक्यातून मातीच्या खोलीत घुसून. मास्तरचा ह्यात काही संबंध नाही, इथल्या कोणाशीच आपली ओळख नाही. माझ्याकडे बघून त्यांनी परक्या बाईला करतात तशी मान लववली. “आणि आलोच आहे तर सांगतो, शिडी डावीकडे घ्या,” म्हणाले.

साहेबांनी मला विचारलं, “ह्यांना ओळखता?”

बाबा डोळ्यांनी नको नको म्हणत होते.

“माझे बाबा आहेत,” मी म्हणाले. “कागद मी घरी नेला होता. ह्यांनी सांगितलं ते सगळं खोटं आहे. शिडीचं तेवढं खरं.”