पाण्यातून पाणी

अब्बा, आपल्या घरात दखनी आणि मराठीची खिचडी असायची, पण मला लिहिता येते ती मराठीच, म्हणून मराठीत लिहिते आहे.

जवळा बाजारच्या त्या अंगणात तुम्ही अजून बसलेले दिसता. औंढ्याच्या देवळापुढून आणलेले गुलाब तांब्याच्या देगेत पाण्यात सोडता, झाकणाची फट कणकेनं लिंपता, आणि वाफ नळीतून थंड घागरीत उतरते. गल्लीत नवा आलेला माणूस हातभट्टी समजून एकदा तरी डोकावून जायचाच. मी जाळ वाढवला की तुमचा आवाज चढायचा, "काहून घाई करून राहिली? फुलं शिजवायची न्हाईत, वास काढायचाय." मी रुसून आत जायची. हंगामाचा पहिला उतारा, पहिलं गुलाबपाणी, तुम्ही कधी विकलं नाही. ते गल्लीतल्या मयतांसाठी, कफनावर शिंपडायला. कुणाचंही घर असो, मागितलं की द्यायचं. तुम्ही गेलात तेव्हा तेच तुमच्या कफनावर शिंपडलं, आणि उरलेली अर्धी बाटली अम्मीनं फडताळात ठेवली.

या सुट्टीत घरी गेले तर बाटली काठोकाठ भरलेली. इतक्या वर्षांनी! अम्मीला विचारलं तर म्हणाली, "लोकं येतात मागायला. तुझ्या अब्बानं कोणाला न्हाई म्हटलं का? दिलं की पाणी घालून भरून ठेवते. त्यांची बाटली रिकामी न्हाई व्हायला पायजे." मी बूच काढून हुंगलं. नुसता हापशाच्या पाण्याचा वास. मला असा राग आला की तिला काहीबाही बोलणार होते, पण ती इतक्या समाधानानं बघत होती की मला रडूच फुटलं.

हिंगोलीच्या कॉलेजात मी पोरांना हेच शिकवते. स्पिरिट आणि पाणी मिसळलं तर उंच काचेच्या नळीतून सावकाश तापवा. जे आधी उकळतं ते आधी वर चढतं, दुसरं मागं राहतं. पण तुमचं पाणी आणि हापशाचं पाणी एकाच आचेवर उकळतं, अब्बा. त्यांना वेगळं करणारी नळी नाही. तरी वास पहिल्या थेंबांबरोबर येतो हे तुम्हीच सांगितलेलं, त्या आशेवर अर्धी बाटली प्रयोगशाळेत नेली. आच अगदी मंद ठेवली. पहिले थेंब उतरले, ते बाटलीत भरून तशीच घरी गेले आणि अम्मीच्या नाकाशी धरले.

तिनं डोळे मिटले. "व्हय, हेच हाय," म्हणाली आणि पदरात तोंड लपवून कितीतरी वेळ रडली.

मीही मान हलवली. मला कसलाच वास आला नव्हता. तिला खरंच आला की माझ्यासाठी म्हणाली, हे विचारायचं धाडस झालं नाही. तुमच्यापर्यंत हे पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. अब्बा, तो वास आला असता तरी मी ओळखला नसता. मला तो आता आठवतच नाही.