डेरीची थट्टा

नांदोम, उत्तर घाना, १२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आज डेरीला, आमच्या कॅमेरामनला, पुरलं. सीमेपलीकडे बुर्किना फासोत हल्ल्यांची बातमी करताना त्याची मोटरसायकल सुरुंगावर गेली. मी बरा आहे, जेवतोही.

तो दगाबा, आपण फ्राफ्रा; दोन्ही जमातींचं पिढ्यांपासून थट्टेचं नातं. म्हणून रिवाजाप्रमाणे मयताची थट्टा करून त्याला निरोप मी द्यायचा होता. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्याची आई ओरडली, "ए फ्राफ्रा, तुम्ही खाता त्या कुत्र्याच्या मटणाबरोबर जीभही खाल्लीस का? शिवी दे, माझं पोर खोळंबलंय!"

"ऊठ रे आळशा," एवढंच म्हणालो आणि रडलो. सगळे हसले.

बातमी अर्धी राहिली म्हणून उद्या त्याच रस्त्याने मला एकट्याला जायचंय. ताई, फार भीती वाटते. आईला सांगू नकोस. तिचा गुडघा कसा आहे?

कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज करायला डेरीच लावायचा. आता मी लावतो.

तुझा धाकटा,
अतांपुगरे